बाळाला पालथं धरा आणि…

“बाळाला पालथं धरा आणि…” इथपर्यंत फिल्म नीट चालायची. मग पडदा काळा. चित्र परत यायचं ते थेट “शाब्बास, बाळ रडलं!” वर.

टेम्पोवाला फोनवर सांगताना खो खो हसला. “नर्सबाई विचारतायत मॅडम, मधे जादू काय केलीत?”

मॅडमला हसू आलं नाही. डोंगरापलीकडच्या दवाखान्यांना उपग्रहावरून फिल्म पाठवायचं काम तिचं. तिकडच्या रिसीव्हरच्या डब्याला नुसतं ऐकता येतं. ‘एवढं राहिलं, पुन्हा पाठवा’ म्हणायची सोय नाही. एका दवाखान्याला औषधं पोचवून टेम्पो खाली आला की तिथली काय ती खबर. त्यात ही फिल्म बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं याची, आणि तिचं स्वतःचं रांगतं बाळ घरी सापडेल ते तोंडात घालत असणार.

“तुटतं कधी?” तिने विचारलं.

“खाणीची ट्रॉली तारेवरून दवाखान्याच्या डिशच्या छत्रीसमोरनं जाते ना, तेव्हा. रोज.”

ती साहेबांकडे गेली. “सर, ट्रॉली आडवी आली की थोडं नाही, तेवढं सलग सगळंच गळतंय.”

“बेरजेची पॅकेटं जोडलीस ना?”

जोडली होती. फिल्म जाते ती छोट्या छोट्या तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी. दर काही पॅकेटांमागे त्यांच्या बेरजेचं एक. म्हणजे एखादं हरवलं तर उरलेल्यांवरून काढता येतं. तरी भगदाड तिथंच.

“बाकी दवाखान्यांची तक्रार नाही. म्हणजे पोचलं.”

“तक्रार करतील कुठून, सर? डबा मुका आहे!”

“तू फार जीव खालीवर करतेस. आई झाल्यापासून…” साहेबांनी वाक्य तिथंच सोडलं. तिने दातओठ खाल्ले.

बाहेर येऊन घरी फोन लावला. उचलला नाही. लगेच पुन्हा. पुन्हा. शेवटी सासूबाईंचाच फोन आला.

“अगं, आंघोळ घालत होते त्याला. लागोपाठ तीनदा वाजवलास, तर तिन्ही वेळा माझे हात साबणाचेच असणार ना? जरा थांबून करावा!”

“आई, तो बरा आहे ना?”

“फेस खाल्ला थोडा. काढला मी.”

फोन ठेवला आणि तिने कपाळावर हात मारला. पॅकेटं आणि त्यांची बेरीज तिने पाठोपाठच पाठवली होती. ट्रॉली आडवी आली की दोन्ही एकदमच गडप! मग तिने मांडणीच मोडली. बेरीज घ्यायची ती एकमेकांपासून लांबच्या पॅकेटांची, आणि पाठवायची ट्रॉली गेल्यावर, सावकाश. फिल्म पुन्हा पाठवायला लावली. पुढे काय? टेम्पोची वाट. तेवढे दिवस ती घरात सासूबाईंवर, ऑफिसात प्रिंटरवर डाफरत राहिली.

फोन आला.

“मॅडम, नर्सबाई म्हणाल्या…”

“आधी हे सांगा, पालथं धरून काय करायचं?”

“डोकं खाली, आणि तळहाताच्या मुळाने पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, पाच थापा. बाहुलीवर करून दाखवलं त्यांनी. मलाही पाठ झालंय!”

तिने डोळे मिटून श्वास सोडला.

साहेब मागेच उभे होते. “बघ! पोचतंय, म्हटलं नव्हतं?”

“एका दवाखान्यात पोचलंय, सर,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं कुणाला विचारू?” आणि तीच फिल्म तिने पुन्हा पाठवायला लावली.