दहावी पाटी

मुलगी गेल्यावर आठ महिन्यांनी पेंटरने तिचा कॉम्प्युटर सुरू केला. त्याचं वय छप्पन्न. त्यातली पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली होती. माऊस त्याने तोवर हातात धरला नव्हता.

मुलीचं एक काम अर्धवट राहिलं होतं. ती एक खेळ खेळायची. त्यात एका लहानशा गावात टपाल वाटत हिंडायचं असतं. गावच्या एकुलत्या एका रस्त्यावर पंधरा दुकानं, आणि सगळ्यांच्या पाट्या परक्या भाषेत. त्या जागी आपल्या भाषेतल्या पाट्या बसवायच्या, असं तिने मनावर घेतलं होतं. तयार खेळात आपल्या हाताने केलेल्या अशा बदलाला मॉड म्हणतात, हे पेंटरला तिच्या वहीतून कळलं. वहीत पंधरा दुकानांची यादी होती. दहांपुढे बरोबरची खूण होती, पाच कोरी होती. मग ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली.

"उरलेल्या पाच मी करतो," तो बायकोला म्हणाला.

"तुम्हाला जमणार आहे का ते?"

"पाट्याच आहेत ना?"

मुलीची मैत्रीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दर रविवारी सकाळी ती शिकवायला येऊ लागली.

"काका, माऊस म्हणजे ब्रश नाही. कितीही दाबलात तरी तो जास्त रंग सोडणार नाही."

"तुझ्या वयाचा असताना मी उस्तादाची पट्टी हातावर खाल्ली आहे."

"आणू का पट्टी?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आण. मी धरते त्यांना."

त्याला पहिली गोष्ट शिकवली गेली ती अशी : प्रत्येक पाटी म्हणजे एक चित्र, आणि खेळ ते चित्र नावावरून ओळखतो. नाव बदललं तर पाटी सापडत नाही, भिंत कोरी दिसते. म्हणून नवं चित्र जुन्याच नावाने ठेवायचं. दुसरी गोष्ट, काम संपलं की सगळ्याची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढायची. मशीन बिघडलं तर तीच उपयोगी पडते. पेंटरने हे सगळं वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतलं. फोल्डरला त्याने नाव दिलं 'जपून ठेवणे'. प्रत काढायला तो एकदाही चुकला नाही.

रोज दुपारी तीन वाजता मात्र मशीन बायकोचं असे. तिला खेळ उघडता येई, तेवढंच. खेळणारा जिथे थांबलेला असेल तिथूनच हा खेळ पुढे सुरू होतो, आणि मुलगी थांबली होती दहाव्या पाटीसमोर. बायको चहाचा कप घेऊन बसायची, एकाही बटणाला बोट लावायची नाही, पाटीकडे बघायची आणि बंद करायची.

आधीच्या नऊ पाट्या मुलीने तयार अक्षरांत टाइप केलेल्या होत्या. दहावं दुकान तिने खेळात बापाचं ठरवलं होतं, म्हणून ती पाटी तिने माऊसने हाताने लिहिली होती. 'पाट्या रंगवून मिळतील. अक्षर सुबक.' ओळ उजवीकडे घसरत गेली होती. जागेचा अंदाज चुकल्यामुळे 'सुबक' हा शब्द कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. तिने मैत्रिणीला ती फाइल कधी पाठवली नाही. पूर्ण झाल्यावर दाखवेन, म्हणाली होती.

पाच पाट्यांना अकरा रविवार लागले. बाराव्या रविवारी मॉड नेटवर ठेवायचा ठरला, म्हणजे कुणालाही तो घेता येईल. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर पेंटरने पंधराही पाट्या एकापुढे एक उघडून पाहिल्या आणि दहावीपाशी तो अडला. आता ही चार लोक बघणार. सुबक अक्षर म्हणे, असं म्हणून तिला हसणार. लहानपणी पाटीवर तिची पेन्सिल घसरायची, तेव्हा तिचा हात धरून तो ओळ सरळ करून द्यायचा. त्याने नेहमीप्रमाणे आधी जुन्या अक्षरांवर अस्तराचा एकरंगी हात मारला, वर ओळी आखल्या आणि तेच शब्द नीट लिहिले. जुन्याच नावाने ठेवलं. प्रत काढली.

तीन वाजता बायको बसली. कप तिने टेबलावर ठेवला.

"अहो, हे तुम्ही लिहिलंत."

"सरळ केलं फक्त. शब्द तिचेच आहेत."

"तिचं कुठे आहे?"

"आहे ना, खालीच असेल. काढून देतो."

त्याच्या धंद्यात जुनी पाटी नाहीशी होत नाही. एकदा एका लाकडी फळीवरचे चार थर खरवडल्यावर त्याला खाली उस्तादाच्या हातची अक्षरं सापडली होती. त्याने मैत्रिणीला फोन करून विचारलं, वरचा थर कसा काढायचा.

 ती म्हणाली, "काका, चित्राला खाली काही नसतं. तुम्ही 'जपून ठेवणे' उघडा. त्यातली काढा."

त्याने प्रतीतली पाटी उघडली. तिथेही ओळ सरळ होती.

"आज प्रत काढलीत का?" मैत्रिणीने फोनवर विचारलं.

"काढली की. ते विचारतं ना, आधीची आहे, बदलू का म्हणून. मी हो म्हटलं. रोजच विचारतं."

मैत्रीण घरी आली. दोन तास तिने मशीन पालथं घातलं आणि शेवटी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "मी सांगायला हवं होतं," म्हणाली. "प्रत्येक दिवसाची वेगळी ठेवायची, हे मी सांगितलंच नाही."

"तू कशाला सांगशील? पस्तीस वर्षं पाट्या मी रंगवतोय."

रविवारी मॉड कुठेच ठेवला गेला नाही. पेंटर आठवणीतून ती पाटी लिहायला बसला. ओळ उजवीकडे उतरवायची, शेवटचा शब्द कोपऱ्यात कोंबायचा. त्याने उतार मोजून घेतला, तर उतारावरची अक्षरंही एका मापाची आली. डाव्या हाताने लिहून पाहिलं. बायको मागे उभी राहून प्रत्येक पाटी बघत होती आणि मान हलवत होती.

"क असा नव्हता."

"मग कसा होता?"

तिने बोट उचललं, हवेत अर्धा फिरवलं आणि थांबली. "आता मलाही नाही आठवत," ती म्हणाली. "तुमचीच बघून बघून तिची जातेय. पुरे करा."

त्याने पुरे केलं.

दुसऱ्या दिवशी तीनला ती पुन्हा मशीनसमोर बसली. खेळ तिथेच उघडला, सरळ ओळीच्या पाटीसमोर. आज तिने चहा घेतला नव्हता. तो दारात उभा होता, आत यावं की नाही हे न कळून.

"इकडे या," ती म्हणाली. "या टपालवाल्याला चालवायचं कसं?"

"कुठे न्यायचंय?"

"त्या नऊंकडे. तिने टाइप केलेल्या."

त्याने वाकून बाणाचं बटण दाखवलं. तिने ते दाबलं. मुलीने जिथे थांबवला होता तिथून टपालवाला हलला आणि रस्त्याला लागला.