शेपटीवरचा पांढरा पट्टा

कापितोलिना येगोरोवनाचं पत्र येऊन सहा वर्षं झाली, तरी आवेनीर प्लातोनोविचने त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र पाच ओळींचं. ते त्याला तोंडपाठ होतं. 'ससाण्याने नेलेली दोन्ही पिसं पुन्हा उगवली. त्यांच्यावर पट्टा नाही. तुमच्या गावचा ससाणा भारीच चोखंदळ दिसतो! पक्षी मात्र देखणा उडतो. वसंतात पिल्लं बघायला या.'

रझेवच्या गिरेबाज कबुतराची सगळी शान शेपटीत. तांबड्या शेपटीवरून पांढरा पट्टा आडवा, कुठेही न तुटता गेला पाहिजे. पत्राच्या आधी स्तारित्साहून पक्षी घ्यायला आलेल्या कापितोलिनाने आवेनीरचा एक नर आभाळातून कोलांट्या घेत उतरताना पाहिला आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून ती म्हणाली, "हाच." त्याचा पट्टा डावीकडे दोन पिसांवर तुटला होता. हातात घेतला की ती नको म्हणणार, स्तारित्साची बस पकडणार, आणि पुन्हा यायला तिला कारण उरणार नाही. म्हणून ती अंगणात चहा पीत असताना आवेनीर शिडी चढला आणि ती दोन पिसं त्याने उपटली. "ससाण्याने झडप घातली होती," असं तिला सांगितलं. उपटलेली पिसं दीड महिन्यात परत येतात, हे पंचवीस वर्षं कबुतरं पाळणाऱ्याला सुचू नये! सगळा जन्म वाचनालयात काढलेला माणूस, पण त्या दिवशी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

उत्तर लिहायला तो कितीदा बसला. 'आदरणीय' लिहावं की 'प्रिय', यातच संध्याकाळ सरायची. दर वसंतात तो बसथांब्यावर जाई, बस सुटेपर्यंत वर्तमानपत्र वाची आणि घरी येई. थवा आभाळात चढला की त्याची नजर मात्र नदीच्या खालच्या अंगाला, स्तारित्साकडे वळे.

सप्टेंबरात एका सकाळी शेजारच्या झोसिम कुझमिचने कुंपणावरून हाक मारली.

"अरे ए पुस्तकी किड्या, ऐकलंस का? कापितोलिना ढाबळ मोडतेय. गुडघे गेले, शिडी चढवत नाही म्हणे. बर्फ पडायच्या आत सगळे पक्षी वाटून टाकणार."

"कोणाला?"

"मागेल त्याला. मी चार सांगून ठेवलेत. परवा बाजारात भेटली होती. तुझं विचारत होती."

आवेनीरच्या हातातली बाजरी सांडली. "काय विचारत होती?"

"जिवंत आहेत का, म्हणाली. मी म्हटलं, बघून नक्की सांगता येत नाही!" झोसिम आपल्याच विनोदावर पोटभर हसला. "आणि तुझा तो तुटक्या पट्ट्याचा नर अजून आहे बरं तिच्याकडे. मी म्हटलं, याचा रस्सा कर. अशी उखडली माझ्यावर! बाकीचे न्या, म्हणाली, तो देण्यातला नाही."

सांडलेली बाजरी तशीच टाकून आवेनीर घरात गेला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. या वेळी त्याने 'आदरणीय'ही लिहिलं नाही, 'प्रिय'ही नाही.

'कापितोलिना येगोरोवना, ससाणा नव्हता. पिसं मी उपटली. तो पक्षी नाकारला असता तर तुम्ही पुन्हा इकडे आला नसतात, या भीतीने उपटली. नंतर लाजेने लिहिलं नाही. माझे गुडघे अजून धड आहेत. ढाबळ मोडू नका. तुमची हरकत नसेल तर मी तिकडे येऊन राहतो. रोज सकाळी शिडी मी चढेन.'

शेवटची तीन वाक्यं वाचून त्याचे कान तापले. ती खोडावीत असं वाटलं. पण खोडाखोड बरी दिसणार नाही, म्हणून राहू दिली.

टपाल कचेरीत खिडकीपाशी तो पाकीट धरून उभा राहिला. आतल्या बाईने चष्म्यावरून पाहिलं.

"गाडी निघायला पाच मिनिटं आहेत, आजोबा. टाकायचंय की नुसतं धरून उभं राहायचंय?"

"टाकायचंय," तो म्हणाला, आणि त्याने पाकीट सोडलं.