रंग वाळेपर्यंत

"रंग वाळला का गं?" मावशींचा आवाज फोनमधून इतका मोठा आला, की शेजारच्या टेबलावर हेडफोन लावून बसलेल्या मुलीनेही मान वर केली.

मी फोन कानाशी दाबून जिन्याखाली सरकले. "नाही ना मावशी. हवा दमट आहे. लागतील अजून थोडे दिवस."

"असू दे, असू दे. घाई नाही. मी आपलं मशीनला तेल घालून ठेवलंय."

फोन ठेवला. आमच्या जागेत रंगाचा एक डबा नव्हता. चार महिन्यांत एकाही भिंतीला कुणी हात लावला नव्हता.

ही जागा म्हणजे पूर्वीचं कापडाचं दुकान. काउंटरवर उभं राहून मी तिथे एकवीस वर्षं कापड मोजलं. मावशी मागच्या खोलीत बसून रफू करायच्या, कपडे उसवून शिलाई मशीनवर मापात बसवायच्या. त्यांनी रफू केलेलं भोक ज्याचं त्यालाही सापडत नसे. माझा नवरा आजारी होता त्या वर्षी माझी मुलगी त्यांच्या पायाशी, चिंध्यांच्या ढिगात खेळून मोठी झाली.

मग रस्ता बदलला. चपलांच्या दुकानाची जिम झाली, भांड्यांच्या दुकानात फोनची कव्हरं लटकायला लागली. आमचंही शटर पडलं. दोन वर्षांनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांनी पुढाकार घेतला आणि रस्त्यावरच्या लोकांनी मिळून ती जागा चालवायला घेतली. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी टेबलं, संध्याकाळी भाषणं, गाणी, मुलांची नाटकं. व्यवस्था माझ्याकडे आली. दाराजवळचं पहिलं टेबल मी मावशींना दिलं, आणि तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगली होती.

तक्रारी सहा महिन्यांतच सुरू झाल्या. मशीनची खडखड होते. मावशींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या गिऱ्हाइकाशी ओरडून बोलतात. कमिटीत सगळे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी काका म्हणाले, "तुमचं ऐकतील त्या. तुम्हीच सांगा."

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच का, ते फक्त मला माहीत होतं. मावशी लॅपटॉपवाल्या पोरांना हसत हसत सांगायच्या, "तुमच्या या मॅनेजरबाई आहेत ना, दुपारी तागे रचून त्यांच्या मागे झोपायच्या! मालक आला की मी खोकायचे!" पोरं हसायची. मीही हसायचे, पण आत कुठेतरी टोचायचं. मला आता मॅनेजरबाईच राहायचं होतं.

खरं सांगायचं धाडस झालं नाही. म्हटलं, "मावशी, रंगकाम काढलंय. पंधरा दिवस मशीन घरी नेता का?"

"नेते की!" म्हणाल्या, आणि हातगाडीवर मशीन चढवून तिच्यामागून चालत गेल्या. तेव्हापासून दर सोमवारी त्यांचा फोन यायचा आणि दर सोमवारी मी हवामानावर ढकलायचे.

त्या दिवशी, फोननंतर तासाभराने, एक बाई पुरुषाचा एक कोट घेऊन आल्या. बाहीला कसर लागली होती. "इथे रफूवाल्या बसायच्या ना? हे नेहमी त्यांच्याकडेच द्यायचे. आता हे नाहीत. कोट तेवढा राहिलाय."

हेडफोनवाली म्हणाली, "त्यांनी काम सोडलं ना?"

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्हीच तर म्हणालात."

म्हणाले असेन. एक थाप लपवायला दुसरी, आणि दुसरी मारल्याची आठवणही नाही. मी कोट घेतला आणि कुलपाच्या किल्ल्या तिच्या हातात देऊन निघाले.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहतात. सुनेने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. आत बाळ झोपलं होतं. मावशी गॅलरीत स्टुलावर बसल्या होत्या. शेजारी मशीन, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आणि तिच्यावर दोन बादल्या पालथ्या घातलेल्या.

"हळू बोल हं," त्या कुजबुजल्या. "आवाज झाला की उठतं ते."

त्यांनी कोट उजेडात धरला, बाहीवरून अंगठा फिरवला. "होईल. हातानेच करायचं काम आहे."

"मावशी, रंगकाम नव्हतंच."

त्यांनी सुईत दोरा ओवला. दुसऱ्या खेपेला गेला.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. रंगारी आला की माणूस टेबल मधे ओढतो, वर चादर टाकतो. घरी कोण पाठवतं?"

"मग दर सोमवारी फोन..."

"म्हटलं, एखाद्या सोमवारी तरी सांगशील." त्या कोटाकडेच बघत होत्या. "लोकांना खडखड नको असेल, त्यात काय एवढं? तू तोंडावर म्हणाली असतीस, तर मीच उठले असते."

मला रडू आलं. पण बाळ झोपलेलं. तेही आवाज न करता आवरावं लागलं.

शनिवारच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तागे रचून झोपायचे तेही. काकांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "ढकललं आम्हीच तुमच्यावर," म्हणाले. हेडफोनवाली म्हणाली, "मी वरच्या मजल्यावर बसते. मशीनच्या पायांखाली रबर घालू." दुपारी दोन ते पाच मशीन चालेल असं ठरलं. कुणीच विरोध केला नाही. चार महिन्यांपूर्वी हे विचारायला मला पाच मिनिटं लागली असती.

मंगळवारी हातगाडी आली. मी टेबल पुसून ठेवलं होतं. मावशी आल्या, पोरांकडे बघून हसल्या, खुर्ची मागेपुढे करून बसल्या. रफू केलेला कोट त्यांनी घडी घालून माझ्या हातात दिला. मी बाही उजेडाला धरली. कसर कुठे लागली होती ते मला सापडेना.

"चहा आणू, मावशी?"

"नको." त्यांनी वरच्या दिव्याकडे बोट केलं. "मॅडम, एवढा दिवा लावता का तुम्ही?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती, रागही नव्हता. इतक्या वर्षांत मला त्यांनी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

मी दिवा लावला. त्यांनी मान हलवली, चष्मा नाकावर सरकवला आणि मशीनच्या चाकाला हात घातला.