आपोआप तापणारं पाणी

चर्चसमोरच्या चौकात माणसावर माणूस चढला होता. बंधू एलियाकिमने मूठभर पांढरी भुकटी थंड पाण्याच्या ग्लासात सोडली, डोळे मिटले आणि ग्लास पुढच्या बाईच्या हातात दिला.

"अगं बाई, तापला की गं हा!"

"तापणारच! संताचा श्वास आहे तो. मूत्रपिंडात शिरतो आणि क्रिएटिनिनला मानगूट धरून बाहेर काढतो! जुलाब झाले तर घाबरू नका, पापच निघतंय!"

निकाराग्वातल्या त्या ऊसगावात कुणी 'कसं काय' विचारत नाही. 'तुझं क्रिएटिनिन किती?' विचारतात. उन्हात ऊस तोडता तोडता ऐन तिशीत मूत्रपिंडं थकतात आणि रक्तातला तो आकडा चढत जातो. शाळकरी हेयसेलच्या वडिलांचा, म्हणजे पापांचा, आकडा चार होता; धडधाकट माणसाचा एकच्या आसपास असतो. तीन आठवडे ते भुकटी पीत होते आणि तीन आठवडे हेयसेलला ना वर्गात बसवत होतं, ना घरी. पापांचे पाय लटपटत, जीभ अडखळे, पापण्या मिटत.

"पापा, दवाखान्यात चला ना!"

"किती शांत वाटतंय गं," ते पुटपुटले. "बंधू म्हणतात, हेच बरं होण्याचं लक्षण."

"बऱ्या होणाऱ्या माणसाच्या हातातून चमचा गळतो का?"

ती धावत सुटली आणि आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंना, दोन्या तोमासांना, ओढतच घेऊन आली. त्यांनी पापांच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. ढिम्म!

"काय पाजलंत यांना?" हेयसेलने पुढे केलेल्या पुडीतला कण त्यांनी जिभेवर टेकवला. "कडू! हे तर जुलाबाचं मीठ, मॅग्नेशियमचं. औषध वाईट नाही गं. बाळंतपणात झटके आलेल्या बाईला डॉक्टर हेच शिरेतून देतात, पण गुडघा तपासत तपासत. धडधाकट मूत्रपिंड जादाचं बाहेर टाकतं. यांचं टाकत नाही. साचत जातं, आधी स्नायू झोपतात, मग श्वास. गाडी बोलाव, पळ!"

इस्पितळात कॅल्शियम दिलं, यंत्राने रक्त धुतलं. तिसऱ्या दिवशी पापा जेवणावरून भांडले, तेव्हा कुठे हेयसेलच्या घशाखाली घास उतरला. पण चौकात ग्लास तापतच होते!

रविवारी तिने दुकानातलं तेच मीठ टॉर्टियाच्या तव्यावर खूप भाजलं आणि घेऊन थेट एलियाकिमसमोर उभी राहिली.

"भाजलं की मिठातलं पाणी उडतं. कोरडं मीठ परत पाणी पिताना उष्णता सोडतं." तिने ते मीठ थंड पाण्याच्या ग्लासात सोडलं आणि ग्लास गर्दीपुढे धरला. "धरा ग्लास!"

"हाही तापला! म्हणजे संत हिच्या तव्यातच राहतो की काय?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"पोरीला सैतान लागलाय!"

"लागू दे. तुम्ही प्या ना दोन चमचे, सगळ्यांसमोर! की पाप निघायची भीती वाटते?"

बंधूंना अचानक दुसऱ्या गावचं निमंत्रण आठवलं. ते पुड्या गोळा करू लागले, तेवढ्यात एका तरुण ऊसतोड्याने हेयसेलला विचारलं, "मग आम्ही प्यायचं काय? माझा आकडा तीन आहे."

हेयसेल क्षणभर गोंधळली.

"मला ठाऊक नाही, दादा. ठाऊक नसताना सांगितलं तर माझ्यात आणि यांच्यात फरक काय? रक्त तपासा. जे गिळाल ते आधी डॉक्टरला दाखवा, मग त्यावर 'नैसर्गिक' लिहिलेलं असो की संताचं नाव. आणि चमत्कारवाल्याला म्हणा, मला माझ्या हाताने करून बघू दे. बघू देत नसेल, तर चालू लागा."

त्याने विचारलं, "आरोग्यकेंद्र उद्या किती वाजता उघडतं?"

"सहाला."

"मग सहाला."