विंचचा ब्रेक

तळवलीच्या त्या वर्कशॉपमध्ये लष्करी हेलिकॉप्टरच्या विंच दुरुस्तीला यायच्या. पुरातून, समुद्रातून माणसाला दोराने वर ओढून घेणारं ते यंत्र. तपासणी जुनैदकडे. या खेपेची विंच त्याने वाळूची पोती लटकवून चालवली आणि बाजूला काढली.

"गरम झाली की ब्रेक सुटतोय, साहेब. नवा टाकावा लागेल."

"नवा यायला महिना जाईल," मालक श्यामसुंदर म्हणाले. "तिकडे हेलिकॉप्टर विंचसाठी उभं आहे, रोज फोन येतायत. पोती घसरली असतील. माणूस लटकव."

"कोणाला?"

"शंका कोणाला आहे?"

शेडमधले सगळे हसले. जुनैदला पट्टा बांधताना आशुतोषही हसत होता. इतकी वर्षं दोघं एका डब्यातून जेवत आलेले. आता मागे सरलो तर उद्यापासून आपलं कोणी ऐकणार नाही, असं जुनैदला वाटलं. तो लटकला. वर गेला, खाली आला.

"अजून," श्यामसुंदर म्हणाले. "गरम होऊ दे ना."

पुढच्या एका फेरीत तो छताजवळ असताना आशुतोषने दोर थांबवायला बटण सोडलं, तरी दोर सुटतच राहिला. जुनैद पाठीवर पडला.

आशुतोष दवाखान्यात आला तेव्हा जुनैदची बायको फातिमा स्टुलावरून उठली, त्याला बसायला जागा दिली.

"तू मस्करीत आपणहून चढलास, असं साहेबांनी सांगितलंय," तो खाली बघत म्हणाला. "मीपण तेच बोललो. नोकरी जाईल रे माझी."

"विंच?"

"पाठवली. स्प्रिंग घट्ट केली फक्त."

जुनैदने फातिमाकडून फोन घेतला आणि लष्कराच्या तळावरच्या अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. त्यांनी हेलिकॉप्टरवरून विंच लगेच उतरवली.

संध्याकाळी श्यामसुंदर शहाळी घेऊन आले. जुनैदशी बोललेच नाहीत. "वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "विंच पास झाली ती याच्याच नावाने. ब्रेक सुटतो हे माहीत असून पाठवली, हे यानेच आज फोनवर कबूल केलं."

फातिमाने साक्षीदार म्हणून आशुतोषचं नाव घेतलं. ते हसले. "विचारा की त्याला."

आशुतोषने तिचा फोन उचलला नाही. जुनैदला कामावरून काढलं, आशुतोष तपासणीला बसला. विंच पुन्हा त्याच वर्कशॉपला दुरुस्तीला आली.

जुनैदला सानपाड्याला घरी आणलं. फातिमा दोन्ही हातांनी त्याचे पाय उचलून त्याला कुशीवर वळवायची आणि प्रत्येक वेळी विचारायची, "कळतंय का काही?"

तो हो म्हणायचा. कळत काहीच नव्हतं.