जयमालाच्या घरची सभा

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्या मंडळीची रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी सभा असते. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. नांदुऱ्यात आमची घरं मोजकीच, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाचं काय दुखतं, सगळं सगळ्यांना ठाऊक. सभेत दोन गीतं होतात, वाचन होतं, प्रार्थना होते आणि मग त्या घरचा चहा येतो. सोबत कुणाकडे पोहे, कुणाकडे नुसतीच बिस्किटं. पण त्या घरचं काहीतरी तोंडात घातल्याशिवाय उठायचं नाही, ही आमची जुनी रीत.

कुणाकडे कधी जायचं हे माझ्या सासूबाई, आशाबाई, ठरवतात. रविवारी उपासना संपली की त्या चर्चच्या पायरीवर बसतात, बायका भोवती जमतात आणि पाळ्या तोंडीच वाटल्या जातात. मी हन्नाला, माझ्या तान्हीला, खांद्यावर थोपटत मागे उभी असते.

यंदा पहिल्याच रविवारी जयमाला गर्दीतून पुढे आली आणि म्हणाली, "मावशी, यंदा एक सभा माह्या घरी ठेवा."

जयमाला जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते. तिचा नवरा गोकुळ धान्यबाजारात हमाल होता. पोतं पाठीवर असताना ट्रकच्या फळीवरून पाय घसरला आणि तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नाही. त्या वर्षी तो अकोल्याला दवाखान्यात होता, म्हणून त्यांच्या घरची सभा राहिली. पुढल्या वर्षी सगळे म्हणाले, अजून सावरली नाही बिचारी. त्यानंतर कुणी काही म्हणालंही नाही. पाळी त्या घरावरून आपोआप पुढे जाऊ लागली.

सासूबाई तिचा हात धरून म्हणाल्या की कशाला तरास करून घेतं माय, आम्ही येतोच ना तुझ्याकडे. हिंमतराव आमचे वडीलजन, म्हणजे चर्चचे पंच, अंगानं चांगलेच भरलेले. ते मागून बोलले, "जयमाला, तुह्या दारातून मी आत शिरलो तं बाहेर काढाले भिंत पाडा लागीन."

सगळे हसले. जयमालाही हसली, आणि त्या हसण्यात तिचं मागणं वाहून गेलं. सोमवारची पाळी पुष्पाबाईंकडे लागली.

बायका पांगल्यावर जयमालानं हन्नाला माझ्याकडून घेतलं. तिच्या केसांत कापसाचे बारीक तंतू होते, हन्ना ते धरायला बघत होती. जयमाला मला हळू आवाजात सांगत राहिली. कुणी भेटायला येणार असलं की गोकुळभाऊ आता भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतात. ते म्हणतात, यंदाही पाळी आली नाही तर मंडळीकडून येतो तो जेवणाचा डबा घ्यायचा नाही, आणि तूही चर्चला जाणं बंद कर.

मी विचारलं, असं का म्हणतात ते?

"त्याहिले वाटते का आपलं घर आता घर राह्यलंच नाही, वहिनी," ती म्हणाली. "दवाखाना झाला. लोकं दवाखान्यात येतात तसेच येतात. केळी ठेवतात, खाटेच्या काठावर बसतात, अन् जातात."

मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की दुखण्यातलं माणूस चिडचिडं होतं, मनावर घेऊ नये. आणि बुधवारी त्याला आवडते म्हणून वांग्याची भाजी करून नेऊ.

बुधवारी आम्ही गेलो. जिनिंगच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे, तिथे शेवटची खोली जयमालाची. दार लहान, पण उंबरठा पुसलेला. खाटेवर धुतलेली चादर होती आणि गोकुळभाऊ खरंच भिंतीकडे तोंड करून होते. सासूबाईंनी डबा ठेवला, त्यांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांची प्रार्थना मनापासूनची असते. बोलता बोलता डोळे भरून येतात, हे मी पाहिलेलं आहे.

डोळे उघडले तर जयमालानं गॅसवर पातेलं ठेवलं होतं.

"राहू दे माय, आत्ताच चहा पिऊन आलो," सासूबाई म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

जयमालानं गॅस बंद केला. पदराला हात पुसले. ती बोलली तेव्हा आवाज अजिबात चढवला नाही.

"मावशी, तुम्ही मले लय दिलं. माह्या पोराच्या वह्या, ह्याहिच्या गोळ्या. मी विसरनार नाही. पण हे पडल्यापासून तुम्ही माह्या घरचा घोटभर चहा घेतला नाही. कोणीच नाही घेतला. माह्या आजीच्या हातचं बी गावात कोणी घेत नव्हतं. ते लोकंही लय गोड बोलत, म्हणत, राहू दे बाई, आत्ताच जेवलो."

"जयमाला, चूप राह्य," गोकुळभाऊ भिंतीकडे बघतच म्हणाले.

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "मी त्यातली आहो का?" एवढंच त्या म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या. मी हन्नाला उचललं. दारात जयमालानं डबा माझ्या पिशवीत परत ठेवला. भाजी अजून गरम होती, पिशवीतून माझ्या मांडीला लागत होती.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी लांबलचक, एकेक डबा सावकाश जात होता. सासूबाई उन्हात उभ्या, पदरसुद्धा डोक्यावर ओढला नाही. घरी आल्यावर त्यांनी भाजी ताटात वाढली, पण स्वतः जेवल्या नाहीत. मला वाटलं, राग आलाय. राग होताच. दुपारभर त्या भांडी आपटत होत्या आणि मधूनच स्वतःशी म्हणत होत्या की इतकं करून हेच ऐकायचं.

दिवेलागणीला मी हन्नाला पाजत बसले होते. त्या येऊन शेजारी टेकल्या आणि स्वतःच्या आजीचं बोलू लागल्या.

आजी अमडापूरकडच्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. बाजारात तहान लागली तर दुकानदार वरून ओंजळीत पाणी ओतायचा. एका उन्हाळ्यात एक उपदेशक पायी फिरत वस्तीत आला. चांगल्या घरचा वाटणारा, स्वच्छ धोतर नेसलेला. तो आजीच्या दारात मातीवर बसला आणि त्यानं भाकर मागितली. आजी घाबरली. म्हणाली, शिळी आहे, तुम्हाला द्यायसारखी नाही. तो म्हणाला, असेल ती दे. त्यानं ज्वारीची भाकर ठेच्याशी खाल्ली आणि तिच्याच मडक्यातलं पाणी प्याला.

सासूबाई हन्नाचा पाय धरून तळव्यावर अंगठा फिरवत राहिल्या.

"आजी म्हणे, त्यानं देवाचं सांगतलं ते मले मंग समजलं. भाकर खाल्ली ते आधी समजलं." मग म्हणाल्या, "अन् मी त्याच आजीची नात."

हन्ना झोपली होती, तिचा हात माझ्या छातीवर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई एकट्याच गेल्या. हातात पिशवी नव्हती. तिथे काय बोलणं झालं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आल्या त्या एवढंच म्हणाल्या की शनिवारची सभा जयमालाकडे.

त्या संध्याकाळच्या सभेत हे सांगितल्यावर सगळे एकदम प्रेमळ झाले. हिंमतराव म्हणाले दूध मी पाठवतो. पुष्पाबाई म्हणाल्या, माझ्याकडे स्टीलचे कप आहेत, पोहेही मीच करून आणते, तिला कुठे झेपणार. कुणी साखर द्यायला निघालं, कुणी म्हणालं चहा चर्चमध्येच करून थर्मासमध्ये नेऊ.

"कोणी काहीच न्यायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

पुष्पाबाईंना ते पटलं नाही. गरिबाच्या घरी तीस माणसं रिकाम्या हातानं जायची, हे कुठलं ख्रिस्ती वागणं, असं त्यांनी विचारलं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, मलाही ते टोचत होतं. जयमालाची त्या दिवसाची सगळी मजुरी चहातच जाणार होती.

"ते तिले माहीत नाही का?" सासूबाई म्हणाल्या. "तिनं हिशोब करूनच बोलावलं असंन."

शनिवारी आम्ही पोहोचलो तर खोलीसमोरची गल्ली झाडून पाणी मारलेलं होतं. शेजारच्या बेबीताई बौद्ध. त्यांनी विहारातली सतरंजी आणून अंथरली होती आणि स्वतःच्या घरचे कप धुऊन ठेवले होते. पुष्पाबाईंच्या पर्समध्ये बिस्किटांचा पुडा होता. तो दिसताच सासूबाईंनी नुसतं पाहिलं, आणि पुष्पाबाईंनी चेन ओढली. बायका आत बसल्या, पुरुष गल्लीत. हिंमतराव दारापाशी आले, दाराची रुंदी डोळ्यांनी मोजली आणि मुकाट्यानं बाहेर सतरंजीवर बसले.

गोकुळभाऊंना उशीला टेकवून बसवलं होतं. पांढरा सदरा, दाढी केलेली. आमच्याकडे सभा ज्याच्या घरी, गीत तोच निवडतो. सभा चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि सुरुवातही स्वतःच केली. पहिल्या ओळीला आवाज फाटला. पण गल्लीतल्या पुरुषांनी तो उचलून धरला आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत पत्रे घुमायला लागले.

वाचन झालं, प्रार्थना झाली. मग जयमालानं ताटल्यांतून भत्ता आणला. मुरमुऱ्यांत बारीक कांदा, कच्चं तेल, तिखट आणि वरून शेंगदाणे. त्यानंतर चहा. गुळाचा, काळा, आलं घातलेला. बाहेरच्या पुरुषांना आधी दिला, आणि आतल्या बायकांचं अर्धं व्हायच्या आतच पातेलं संपलं.

जयमाला पातेल्यात बघत उभी राहिली. तिच्या मानेवर घाम होता. हिंमतराव बाहेरून म्हणाले, जाऊ द्या, आमच्यातलाच अर्धा अर्धा वाटून घ्या. पुष्पाबाई म्हणाल्या, मला तर नकोच, ॲसिडिटी होते. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"मले पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "ठेव दुसरा, जयमाला. आम्ही बसतो."

जयमालानं पुन्हा पाणी ठेवलं. गूळ किसायला घेतला. लहान बर्नरवर ते पाणी उकळायला किती वेळ लागला, कोण जाणे. कुणी उठलं नाही. खोलीत उकडत होतं, हन्ना कुरकुरायला लागली, मी तिला पदरानं वारा घालत होते.

तेव्हा गोकुळभाऊ बोलायला लागले. हिंमतरावांना हाक मारून त्यांनी गुडघ्याचं विचारलं. पुष्पाबाईंच्या मुलाची नोकरी लागली का, ते विचारलं. जयमालाला सांगून बायकांसाठी मागची खिडकी उघडायला लावली. खाटेवरून ते सगळ्यांकडे लक्ष देत होते, कुणाला वारा लागत नाही, कुणाची ताटली रिकामी आहे. मग मला म्हणाले, "वहिनी, लेकराले इकडं द्या. तुम्ही भत्ता खाऊन घ्या निवांत."

मी क्षणभर घुटमळले, मग हन्नाला त्यांच्या कुशीत दिलं. त्यांचे हात अजून हमालाचेच होते, रुंद, भरवशाचे. ती त्यांच्या सदऱ्याचं बटण तोंडात घालू लागली. कितीतरी दिवसांनी मी दोन्ही हात मोकळे ठेवून खाल्लं.

दुसरा चहा झाला. शेवटचा कप सासूबाईंना आला. जयमाला समोर उभी राहिली, पातेलं हातातच. सासूबाईंनी फुंकर घातली, एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"कसा झाला मावशी?" गोकुळभाऊंनी विचारलं.

सासूबाईंनी तिसरा घोट घेतला आणि म्हणाल्या, "पांचट झाला."

पुष्पाबाईंनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या मंडळीतल्या कुणीही आजवर त्या घरात असं काही बोललं नव्हतं.

जयमालानं पातेलं खाली ठेवलं. "मंग पहिल्या पातेल्याचा घ्यायचा होता," ती म्हणाली. "मागून घेतला त्याले मी काय करू?"

गोकुळभाऊ हसले. त्यांच्या हसण्यानं कुशीतली हन्ना हलली आणि तीही हसू लागली. सासूबाईंनी कप पूर्ण संपवला, तळाशी राहिलेलं आलंसुद्धा चावलं. मग सरकून त्यांनी सतरंजीवर जागा केली, आणि संध्याकाळपासून पहिल्यांदाच जयमाला खाली बसली.