सासऱ्यांनी दिलेले चोपन्न हजार

पत्र मीच टाइप केलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी स्वतःची बाजू सावरायला लागेन. तो माझा जुना स्वभाव आहे.

अमेरिकेत पिस्कॅटवेचं घर घेताना आम्हाला डाउन पेमेंटला पैसे कमी पडत होते. सावनीचे बाबा पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आलेल्या रकमेतून त्यांनी आम्हाला छत्तीस लाख पाठवले. डॉलरमध्ये चोपन्न हजार. "उसनेच आहेत, पण सावकाश द्या, घाई नाही," असं ते सांगलीहून फोनवर म्हणाले. घाई नाही, हे मी अगदी मनावर घेतलं.

इथल्या बँकेला मात्र उसने पैसे चालत नाहीत. ते कर्जात धरले जातात आणि मग गृहकर्ज मंजूर होत नाही. भेट चालते, फक्त देणाऱ्याने लिहून द्यायचं की परतफेडीची अपेक्षा नाही. माझ्या ऑफिसमधल्या निम्म्या मराठी पोरांनी आईवडिलांकडून असंच लिहून घेतलं होतं. मीही पत्र तयार करून बाबांना मेल केलं. त्यांनी प्रिंट काढून सही केली, आणि कोणी न सांगता खाली तारीख, वेळ आणि पिनकोडसकट पत्ता घातला. एकच शंका विचारली.

"परत द्यायचे नाहीत असं लिहिलंय. ते तसंच लिहायचं असतं का?"

"फॉर्मॅलिटी आहे, बाबा."

त्याला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत आम्ही किचन नवीन केलं, दोनदा युरोप केला, मी मोठी गाडी घेतली. बाबांना एक डॉलरही परत केला नाही. शेवटी लग्नच मोडलं. दोघंही तापट, त्यात मी जास्त. याहून वेगळं कारण शोधण्यात अर्थ नाही.

घटस्फोटात माणसं वस्तूंवरून भांडतात म्हणे. आमचं उलट झालं. क्रेडिट कार्डं, माझ्या गाडीचं कर्ज, सावनीच्या एमएसचं कर्ज, सगळं शहाण्यासारखं वाटून घेतलं. मग तिने यादीत शेवटची ओळ घातली: बाबांचं कर्ज, चोपन्न हजार. ते कर्ज धरलं, तर घर विकून आलेल्या पैशातून आधी बाबांचे जाणार आणि उरलेले आम्ही अर्धे-अर्धे घेणार. भेट धरली, तर त्यातले सत्तावीस हजार माझे.

माझा वकील देवांगभाई. आयसेलिनला साडीच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे. त्याने पत्र वाचलं आणि खूश झाला.

"सही है ना? फिर बात खतम."

माझ्या मनात थोडी धाकधूक होती. मी विचारलं, "पण पैसे खरं तर उसने होते. उद्या ते बाहेर आलं तर सावनीला, बाबांना काही त्रास?"

तो हसला. "घर बिक रहा है, लोन क्लोज हो रहा है. आठ साल में एक हप्ता नहीं छूटा. कौन पूछता है, यार! किसी को कुछ नहीं होगा."

हे त्याने मला मंगळवारी सांगितलं. मीडिएशन, म्हणजे कोर्टाबाहेर तडजोडीची बैठक, गुरुवारी होतं. हे दोन दिवस लक्षात ठेवा, कारण मला ते विसरता येत नाहीत.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं, दोघांचे वकील आणि मीडिएटर बाई एका टेबलाशी बसलो. भेट की कर्ज, यावर तासभर गेला. शेवटी बाई म्हणाल्या, देणाऱ्यालाच विचारू या, ते सांगतील ते दोघांनी मान्य करायचं. सावनी लगेच तयार झाली. वडील खरंच सांगणार, अशी तिची खात्री होती. माझीही होती, पण नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून मीही हो म्हणालो.

तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. सांगलीत संध्याकाळ झालेली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, समोर फाइल ठेवून बसले होते. मला पाहून म्हणाले, "शार्दूलराव, बरे आहात ना? वजन कमी झालंय."

बाईंनी इंग्रजीत विचारलं, हे पैसे भेट होते की कर्ज?

बाबांनी चष्मा काढला, परत घातला. मग मराठीत बोलले.

"सावनी, खरं सांगितलं तर मी बँकेला खोटं लिहून दिलं असा अर्थ होतो ना? त्या गृहकर्जाच्या अर्जावर तुझीही सही आहे."

"बाबा, तुम्ही खरं सांगा हो. काही होत नाही!"

"तुला काय माहीत? तुझं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय." मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा व्हिसा, विमा, टॅक्स, सगळे फॉर्म मीच भरत आलो होतो. "शार्दूलराव, तुम्ही सांगा. तिला यात काही होईल का?"

सावनी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती विनंती होती. एक 'नाही' म्हणायचं होतं. ते खरं होतं, पण फुकट नव्हतं, सत्तावीस हजारांना पडणार होतं, एवढीच अडचण.

"होऊ शकतं, बाबा," मी म्हणालो. "इकडे हल्ली फार कडक झालंय."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वाटली, आणि तरी मी वाक्य मागे घेतलं नाही. सावनीने तोंड उघडलं, पण तिलाही आता खात्री राहिली नव्हती.

बाबांनी फाइल मिटली आणि शांत, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की ती भेट होती, पैसे परत मिळावेत अशी त्यांची कधीच अपेक्षा नव्हती. बाईंनी लिहून घेतलं. देवांगभाईने टेबलाखालून माझा गुडघा थोपटला.

फोन ठेवण्याआधी बाबा पुन्हा मराठीत आले.

"शार्दूलराव, तुमचे उपकार झाले. एवढं सगळं होऊनही तुम्ही पोरीची काळजी केलीत. मी आपला पैशांसाठी तिला अडकवून बसलो असतो."

आणि मी म्हणालो, "त्यात काय, बाबा."